खयालाबादला मदत पाठवताना

आमच्या भाचीने मागच्या महिन्यात घरात एक अख्खा देश आणला. लोकसंख्या दहा हजार, चारी बाजूंनी समुद्र, राजधानी आमचं जेवणाचं टेबल. पोरगी मुंबईला समाजकार्य शिकते. सुट्टीत घरी करायला दिलेला अभ्यास असा, की एक काल्पनिक बेट घ्या, त्यावर चक्रीवादळ आणा आणि मदतकार्याचा आराखडा लिहा. नाव काय ठेवायचं यावर तासभर चर्चा झाली. मी म्हटलं, 'जजीरा' ठेवा. आपल्या मुरुडच्या जंजिऱ्याचं नावही त्याच अरबी शब्दावरून आलंय. बेगम म्हणाली, 'खयालाबाद'. आमच्या घरात माझ्या सूचनेचं नेहमी जे होतं, तेच याही वेळी झालं.

अशी खोटी बेटं काही नवी नाहीत. १ एप्रिल १९७७ रोजी इंग्लंडच्या 'गार्डियन' वर्तमानपत्राने हिंदी महासागरातल्या 'सान सेरिफ' या देशावर सात पानी पुरवणी काढली होती. राजधानी बोडोनी, सत्ताधीश जनरल पायका. सगळी नावं छापखान्यातली, तरी कचेरीतले फोन दिवसभर वाजत राहिले. पुढे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने मुलांसाठी 'फूड फोर्स' नावाचा संगणकावरचा खेळ काढला. त्यातही हिंदी महासागरातलंच 'शेलान' नावाचं खोटं बेट होतं, दुष्काळाने आणि यादवीने उपाशी पडलेलं. तिकडे गर्दी वाढलेली पाहून आम्ही खयालाबाद अरबी समुद्रात ठेवलं, हर्णैच्या पश्चिमेला.

रविवारी असरच्या नमाजनंतर शेजारचे ठेकेदार चाचा आणि निवृत्त मास्तर चहाला आले. भाचीने वादळाची हकीकत सांगितली. खयालाबादमध्ये वीज नाही, विहिरींत खारं पाणी, निम्मी घरं बिनछपराची. दोघेही गंभीर झाले. चाचा म्हणाले, "कमिटी करूया." पाच मिनिटांत अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि खजिनदार ठरले. खजिनदार मी, कारण आमच्याकडे पैसे नव्हते. पुढची पंधरा मिनिटं बॅनरवर गेली. त्यावर कोणाचा फोटो मोठा, हा प्रश्न वादळापेक्षा जोरदार निघाला. शेवटी चाचांनी पुतण्याला फोन करून दहा बाय सहाचा फ्लेक्स छापायलाच सांगितला.

"चाचा, देश खोटा आहे," भाची म्हणाली.

"देश खोटा असेल, आपली नियत खरी आहे ना?" चाचा म्हणाले.

मग मदतीची यादी सुरू झाली. चाचांकडून चारशे ब्लँकेट. भाचीने सांगितलं, तिथे तापमान बत्तीस आहे. चाचा म्हणाले, रात्री गार होत असेल. मास्तरांनी शाळेत उरलेल्या जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे देऊ केले. बेगमने माळ्यावरचे कपडे आठवले. मी औषधांचा डबा आणला. त्यातल्या खोकल्याच्या बाटलीची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. पण खयालाबादच्या माणसाला मराठी तारीख काय कळणार, असं मी बोलून गेलो.

भाची हसली नाही. तिने सांगितलं, २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४ हजार टन औषधं येऊन पडली. पुष्कळशी कोणी मागितलेलीच नव्हती आणि कित्येकांवरची भाषा तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती. काही मुदत संपलेली होती. ती नष्ट करायचा खर्च संकटात सापडलेल्यांच्याच गळ्यात. हैतीचं तर विचारूच नका. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथे मदतीचा पूर आला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या छावणीतली घाण नदीत गेली आणि कॉलरा पसरला. सुमारे १० हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

चहा निवला. मास्तरांनी विचारलं, "मग करायचं तरी काय?"

भाचीने वही उघडली. जगभरच्या मदत संस्थांनी मिळून किमान निकष ठरवलेत, त्यांना 'स्फिअर' म्हणतात. माणशी रोज पंधरा लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास. डोक्यावर छप्पर असलेली साडेतीन चौरस मीटर जागा. रोजचं २१०० कॅलरी अन्न. मास्तरांनी लगेच गणित मांडलं. दहा हजार माणसं, म्हणजे रोज दीड लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पंधरा टँकर, तेही बोटीने. संडास पाचशे. पाच माणसांच्या कुटुंबाला जवळजवळ एकशे अठ्ठ्याऐंशी चौरस फूट जागा. मी म्हटलं, हा शेवटचा आकडा मुंबईच्या माझ्या मेहुण्याला सांगू नका. वादळ नसतानाही तो खयालाबादला राहायला जाईल.

सगळे हसले. कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेली अम्मी तेवढी हसली नाही. ती भाचीला म्हणाली, "तुझ्या वहीत लिही, खयालाबादच्या बायकांचा फोटो काढू नका."

मला माहीत होतं ती काय बोलतेय. बाकीच्यांनाही कळायला वेळ लागला नाही.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचा तळमजला पूर्ण गेला. कुर्बानीच्या गोश्तसकट फ्रिज उताणा तरंगत होता. आम्ही वरच्या मजल्यावर दिवस काढला. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. तिसऱ्या दिवशी मदतीचा टेम्पो आला. ज्या अम्मीने जन्मभर दारातून कोणाला रिकामं पाठवलं नाही, ती रांगेत उभी राहिली. तिच्या हातात पिशवी दिली आणि देणाऱ्याने सांगितलं, "आजी, पिशवी जरा वर धरा, इकडे बघा." चिखलाने भरलेल्या हातांनी तिला धड डोक्यावरून ओढणीही घेता आली नाही. फोटो निघाला. पिशवीत एक टिकल्यांचा ब्लाऊज, नाडी नसलेली सलवार आणि लहान मुलाचा एकच बूट होता.

"आम्हाला काय हवं होतं?" अम्मी म्हणाली. "झाडू, फावडं, फिनाईल, मेणबत्त्या. पोरींना लागणाऱ्या वस्तू, त्या तर कोणाच्या यादीतच नव्हत्या. कोणी विचारलंच नाही." थोडं थांबून तिने पुढे सांगितलं, "ती पोरं आठवतात का रे? फावडी घेऊन आलेली?"

आठवतात. कुठल्या तरी गावची आठ-दहा पोरं होती. त्यांनी आल्या आल्या अम्मीला विचारलं, "आजी, आधी कुठली खोली काढू?" दोन दिवस चिखल उपसला. आमची जात-जमात विचारली नाही, स्वतःचं नाव सांगितलं नाही. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणाले, पलीकडचं घर बाकी आहे. अम्मी अजून त्यांच्यासाठी दुआ करते. नावं माहीत नाहीत, म्हणून नुसतं 'फावडीवाले' म्हणते.

आता माझी कबुली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा मीही एक गाठोडं पाठवलं होतं. त्यात माझ्या लग्नातला कोट होता. वीस वर्षं कपाटात अडकलेला, खांद्यावर कसर लागलेला. गाठोडं टेम्पोत टाकल्यावर कपाटात जागा झाली आणि मनाला सवाबचा आनंद. कृष्णेच्या गाळात उभ्या असलेल्या माणसाने त्या कोटाचं काय केलं असेल, हा विचार माझ्या मनात दोन वर्षांनी आला, अम्मीची पिशवी उघडल्यावर. सूरह बकरहमध्ये अल्लाहच्या वाटेत टाकाऊ वस्तू देऊ नका, असं बजावलेलं आहे. आपल्याला कोणी दिली तर आपण डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, अशी ती वस्तू. तिथेच उपकार बोलून दाखवल्याने सदका वाया जातो, हेही आहे. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो. पण कोट माझा होता, त्यामुळे तो टाकाऊ वाटला नाही.

मास्तरांनी हळूच पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा यादीतून खोडला. चाचांनी ब्लँकेटं खोडली. भाचीने सांगितलं, बाजार चालू असेल तिथे रोख पैसे देणं बहुतेक वेळा बरं. ज्याला स्टोव्ह हवा तो स्टोव्ह घेतो, ज्याला औषध हवं तो औषध, आणि तिथल्याच दुकानदाराचा गल्ला पुन्हा सुरू होतो. चाचांना पटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पाकिटावर कमिटीचं नाव असेल ना? अम्मीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चहा संपवला.

भाचीचा आराखडा पुरा झाला. त्याची पहिली ओळ अम्मीने सांगितलेली आहे: बेटावर उतरल्यावर आधी सलाम करा, मग काय हवंय ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत टेम्पो उघडू नका.

फ्लेक्स मात्र छापून आला. खयालाबादच्या वादळग्रस्तांसाठी, दहा बाय सहा, चाचांचा फोटो सर्वांत मोठा. सध्या तो आमच्या मागच्या पडवीवर, गळक्या कौलांखाली बांधलाय. परवाच्या पावसात एक थेंब आत आला नाही. चाचांचा चेहरा आतल्या बाजूला आहे. अम्मी म्हणते, चारशे ब्लँकेटांपेक्षा हे बरं.