नाणे सापडते, संदर्भ हरवतो

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या परिसरात माणसे रात्री विजेऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरली, ही बातमी अनेकांच्या वाचनात आली असेल. निमित्त दुहेरी होते. बुऱ्हाणपूरच्या मोगली संपत्तीची लूट दाखवणारा 'छावा' हा चित्रपट फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता; आणि रस्त्याच्या कामात उकरलेली माती शेतात टाकली गेली, तीत जुनी नाणी निघाली, अशी वदंताही पसरली होती. प्रशासनाने खोदकाम थांबवले. त्यानंतर सुशिक्षितांनी या गावकऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. चित्रपट खरा मानून जमीन उकरणारी भाबडी माणसे, असा एकूण सूर होता.

ही टिंगल मला अन्यायाची वाटते, आणि तिचे कारण साहित्य शिकवणाऱ्यांना व शिकणाऱ्यांना जवळचे आहे. हा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या 'छावा' या १९७९ च्या कादंबरीवर बेतलेला आहे. ऐतिहासिक कादंबरी हाच इतिहास समजून वाचण्याची सवय मराठी वाचकाला गेली कित्येक दशके आहे. कादंबरीकाराने रचलेला संवाद ऐतिहासिक उद्गार म्हणून व्यासपीठावरून ऐकवला जातो, निबंधांत उतरवला जातो, आणि आपण प्राध्यापक मंडळी तो निमूटपणे तपासून गुण देतो. असा वक्ता आणि असीरगडचा शेतकरी यांच्यात फरक एवढाच की शेतकऱ्याने आपली समजूत जमिनीत पडताळून पाहण्याचे कष्ट तरी घेतले.

शिवाय तिथे नाणी सापडली तर नवल कसले? अकबराने असीरगड १६०१ मध्ये घेतला. बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खनमधील कारभाराचे मोठे केंद्र होते, तिथे टांकसाळ होती, लष्कराची ये-जा होती. तेव्हा एखादे मोगली नाणे निघाले म्हणून १६८१ च्या लुटीचा पुरावा मिळाला असे होत नाही, आणि न निघाल्याने ती लूट खोटीही ठरत नाही. नाणे आणि घटना यांच्यामध्ये अनुमानाच्या बऱ्याच पायऱ्या असतात. ते कुठे होते, किती खोल होते, कशाबरोबर होते, एकटे होते की गाडग्यात होते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच त्या पायऱ्या चढता येतात. रात्रीच्या घाईत पहिली नासाडी होते ती याच उत्तरांची.

युरोप-अमेरिकेत मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी व दागिने शोधणे हा रीतसर छंद आहे. या छांदिष्टांचा एक अनुभव मोठा सूचक आहे. अनेकांनी पूर्वीच पिंजून काढलेली जागाही कधी पूर्ण रिकामी होत नाही. सावकाश चालले, नांगरटीनंतर किंवा पावसानंतर पुन्हा गेले, की काहीतरी हाती लागतेच. आपल्याकडे हे ज्ञान यंत्राविना होते. गावाच्या जुन्या पांढरीवर पहिल्या पावसानंतर मणी, नाणी, मातीच्या मूर्तींचे तुकडे वर येतात, हे तेर, पैठण, भोकरदन या परिसरांतल्या गुराख्यांनाही ठाऊक असते. सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारा झारेकरी तर 'शोधून झालेल्या' जागेवरच जगत आला. जिज्ञासा आणि चिकाटी या दोन्ही गोष्टी इथे आहेत, आणि त्या तुच्छ नाहीत.

प्रश्न यंत्राच्या कानाचा आहे. डिटेक्टरच्या वेटोळ्यातून निघणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करते, आणि त्याची चाहूल यंत्र आवाजाने देते. म्हणजे हे यंत्र धातू ऐकते, काळ ऐकत नाही. खापर, शंखाची बांगडी, जळालेले धान्य, चुलीची राख, हाडाचा तुकडा यांपुढे ते मुके असते. दख्खनच्या प्राचीन वस्त्यांचा इतिहास मात्र मुख्यतः खापरांवर उभा राहिला. ज्या जोर्वे गावच्या उत्खननामुळे एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, तिची ओळख तिथल्या रंगीत मृद्भांड्यांवरून पटते.

महाराष्ट्रातले तीन शोध शेजारी ठेवले तर मुद्दा स्पष्ट होईल. पहिला जोगलटेंभीचा. नाशिकजवळच्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सुमारे सव्वातेरा हजार नाणी क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानाचा पराभव झाला, त्याचे चलन जेत्याने आपल्या नावे फिरवले, ही गोष्ट त्या नाण्यांनी सांगितली. एकाच मजकुरावर दुसरा मजकूर, आणि खालचा अजून वाचता येतो! पण यातला निर्णायक पुरावा एकेका नाण्यात नाही, तो प्रमाणात आहे. हीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर दुसरा छाप आहे हे वाक्य कधीच लिहिले गेले नसते.

दुसरा शोध दायमाबादचा. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये भिल्ल समाजातल्या एका ग्रामस्थाला झाडाचे खोड उकरताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. वस्तू वाचल्या, संग्रहालयांत गेल्या, आज जगभर ओळखल्या जातात. परंतु त्या रीतसर उत्खननात विशिष्ट थरातून आलेल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद झाला. सापडणाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. दोष असलाच तर थर पाहण्याची दृष्टी गावापर्यंत कधीच न पोहोचवणाऱ्या आपल्या विद्याव्यवहाराचा.

तिसरा शोध दिवेआगरचा. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा मिळाला. मार्च २०१२ मध्ये दोन रखवालदारांचा बळी घेऊन दरोडेखोरांनी तो पळवला आणि वितळवला. सोने बऱ्याच अंशी परत मिळाले, मुखवटा मिळाला नाही. धातू म्हणजे वस्तू नव्हे, याहून दारुण दाखला कोणता द्यावा?

आपला कायदा मात्र अजून धातूच्याच भाषेत बोलतो. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. न कळवल्यास हिस्सा तर जातोच, शिवाय वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. शासनाने ते धन ठेवून घेतले तर धातूच्या किमतीवर एकपंचमांश अधिक मोबदला मिळतो. म्हणजे सातवाहनांच्या चांदीचे मोल वजनकाट्यावर ठरायचे! अशा कायद्यापुढे गरीब माणूस सापडलेली वस्तू लपवतो किंवा सोनाराकडे नेतो, यात आश्चर्य नाही. इंग्लंडने १९९६ मध्ये नवा कायदा केला आणि १९९७ पासून सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छा नोंद घेणारी योजना सुरू केली. तीत दहा लाखांहून अधिक वस्तूंची स्थळासह नोंद झाली आहे. तिथेही चोरटे आहेतच. पण प्रामाणिक माणसाला जाण्यासाठी एक दार आहे.

आपल्याकडे त्या दाराच्या जागी मांत्रिक उभा असतो. पायाळू माणसाला भूमिगत धन दिसते ही समजूत, धनावरचा नाग, त्याला द्यायचा बळी, हे सारे केवळ लोककथेत राहिलेले नाही. म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखालील अमानुष कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. दुसऱ्या टोकाला तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिल्याची कथा आहे. कल्याणच्या दुर्गाडीविषयीही तशीच आख्यायिका सांगतात. या कथांमध्ये सापडलेले धन रयतेच्या कामी लागते, म्हणून त्या आपल्याला प्रिय आहेत. जमिनीतले द्रव्य सार्वजनिक असते ही कल्पना आपल्या परंपरेत आहे. जमिनीतली माहितीही सार्वजनिक असते, एवढीच भर तिच्यात घालायची आहे.

नारपोलीसारख्या ठिकाणाहून हे लिहिताना आणखी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. यंत्रमागांच्या या भिवंडीत आता जिकडेतिकडे गोदामे उभी राहत आहेत. पायासाठी जेसीबी एका दिवसात जेवढी माती हलवतो, तेवढी असीरगडचा सारा गाव महिनाभरात हलवू शकणार नाही. ही भूमी काही कोरी नाही. लोनाडची लेणी याच तालुक्यात आहेत. वसईकडच्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये स्तूपाच्या पोटात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. ते नाणे करंडकासोबत मिळाले म्हणून त्याला कालनिर्णयात स्थान आले. आज तशी एखादी पेटी डंपरमधून भरावात गेली, तर कोणाला कळणार? चाळणी घेतलेल्या माणसाला आपण हसतो, डंपरला मात्र कोणी हसत नाही, कारण त्याच्याकडे परवाना असतो.

यावर उपाय म्हणून सर्वांनी डिटेक्टर घ्यावेत असे मी सुचवत नाही. खोदणे हे प्रशिक्षितांचे काम आहे आणि संरक्षित स्थळी ते बेकायदाही आहे. परंतु प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी महाविद्यालयात एक नोंदवही असावी. वस्तू आपल्याजवळ न ठेवता तिचे छायाचित्र, सर्व्हे नंबर, खोली, सोबत मिळालेल्या खापरांचे वर्णन आणि सांगणाऱ्याचे शब्द तीत उतरावेत, कायद्याने काय करायचे ते त्याला नीट समजावून सांगावे आणि नोंद पुरातत्त्व विभागाकडे जावी. हे काम इतिहास विभागाइतकेच मराठी विभागाचेही आहे. शब्द कुठल्या ओळीत, कुठल्या पाठात, कुठल्या हस्तलिखितात आला हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, असे पाठचिकित्सेच्या तासाला आपणच शिकवतो ना? गाईडमधून अवतरणे उचलणारा विद्यार्थी आणि थर मोडून नाणे उचलणारा शोधक एकाच वाटेने चाललेले असतात. पहिल्याला आपण रोज वर्गात भेटतो. कादंबरी आणि कागदपत्र यांतला फरक त्याला नीट कळला, तर पुढच्या ऐतिहासिक चित्रपटानंतर निदान त्याच्या गावात तरी हा प्रश्न विचारणारा एक माणूस असेल: सापडले ते ठीक, पण नेमके कुठे आणि कशाबरोबर?