चूक मुलाची की कंपायलरची?



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगरातही सुट्टी लागली की मुलं सी, पायथॉनच्या क्लासला जातात. प्रोग्राम अडला की आपलं उत्तर ठरलेलं : "तुझंच काहीतरी चुकलं असेल." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सी शिकताना कधीतरी 'इंटर्नल कंपायलर एरर' असा संदेश येतो. तिथे मात्र हे उत्तर म्हणजे मुलावर अन्याय आहे.

कंपायलर म्हणजे मुलाचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी. तो नुसतं भाषांतर करत नाही, काम सोपंही करतो. दिवसाचे सेकंद काढायला मुलाने २४ × ६० × ६० लिहिलं, तर तो ८६,४०० हा आकडा आधीच करून ठेवतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. अशा युक्त्या करता करता कधी तो स्वतःच कोलमडतो.

'जीसीसी' हा मोफत कंपायलर १९८७ पासून आहे. त्याची माहितीपुस्तिका स्पष्ट सांगते, की कंपायलर कोलमडला तर दोष कंपायलरचा, मग त्याला दिलेला प्रोग्राम कसाही असो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सीस्मिथ' या साधनाने वेगवेगळ्या सी कंपायलरांतले ३२५ हून अधिक दोष शोधल्याचं मांडलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी आतून कसा चालतो हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे कंपायलर माणसांनीच लिहिलेला आहे, आणि तो उघडून तपासता येतो.

मग मुलाने काय करायचं?

१. संदेश पूर्ण वाचायचा. साध्या चुकीत आपल्या फाईलमधली ओळ आणि चूक काय ते सांगितलेलं असतं. इथे 'इंटर्नल' शब्द असतो आणि दोष कळवण्याची विनंती असते.

२. तीच फाईल पुन्हा कंपाइल करायची. कधी अडतं, कधी नाही, असं झालं तर संगणकाच्या मेमरीवर संशय घ्यायचा.

३. दर वेळी अडत असेल तर ऑप्टिमायझेशनची पातळी 'ओ-टू' वरून 'ओ-वन' किंवा 'ओ-झिरो' करायची. अडचण गेली तर संशय ऑप्टिमायझेशनवर. पातळी फक्त त्याच फाईलपुरती उतरवायची, नाहीतर सगळा प्रोग्राम मंदावेल.

४. कंपायलरची नवी आवृत्ती लावून बघायची.

५. अडणारा भाग शक्य तितका लहान करून, आवृत्तीचा क्रमांक देऊन दोष कळवायचा.

माझा आग्रह या पाचव्या पायरीचा आहे. वळसा घालून पुढे जाणं चूक नाही, काम तर व्हायलाच हवं. पण न कळवता पुढे गेलो, तर तोच खड्डा मागून येणाऱ्यासाठी तसाच राहतो. आणि "तुझंच चुकलं" ऐकून मूल बरोबर लिहिलेलं खोडत बसलं, तर ते कोडिंग तर सोडेलच, पण स्वतःच्या विचारावरचा विश्वासही गमावेल.

म्हणून पुढच्या वेळी मूल अडलं, की आधी एवढंच म्हणूया : "संदेश वाच बरं, काय म्हणतोय तो?"