सूर्य येऊ द्या, माळही राहू द्या

वीज द्यायची वेळ आली तेव्हा खान्देशाने कधी हात आखडता घेतला नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या अर्धशतकाहून जास्त काळ धूर ओकत आल्या आणि आजूबाजूच्या गावांनी ती राख सोसली. पुढे साक्री तालुक्यात छडवेल, ब्राह्मणवेलच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. 2013 साली त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून. आता धुळे, शिंदखेडा, साक्रीच्या माळांवर दर वर्षी नवे कुंपण दिसते आणि कुंपणाआड निळ्या-काळ्या पॅनेलच्या रांगा.

हे थांबवा, असे मी म्हणणार नाही. भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो, अवकाळी गारपीट एका संध्याकाळी केळीची बाग झोपवते. कोळसा जाळत राहण्याची किंमत आपण इथेच मोजतो आहोत. आणि रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन पिकाला पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पायाखाली साप, बांधावर बिबट्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज द्यायला निघाली आहे आणि ती मिळालीच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या विजेसाठी सर्वात आधी माळरानाचा बळी देऊ नका. जागा दुसऱ्याही आहेत. माळ मात्र एकदा मोडला की आपल्या हयातीत परत येत नाही.

प्रकल्प आला की पहिला कागद निघतो तो ‘पडीक’ जमिनीचा. गायरान पडीक, बरड पडीक, मुरमाड टेकाड पडीक. ज्या जमिनीवर नांगर चालत नाही आणि झाडांची दाटी नाही, ती वाया गेलेली, हा इंग्रजांच्या महसूल खात्याचा हिशेब आपण अजून जसाच्या तसा चालवतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही गवताळ प्रदेशाचे मोठाले तुकडे असेच पडीक म्हणून रंगवले आहेत.

भाद्रपदात या ‘पडीक’ जमिनीवर एक चक्कर मारून या. लळिंगच्या कुरणात जा, नाहीतर साक्रीकडच्या कुठल्याही बरडावर जा. मारवेल, पवन्या, कुसळी गुडघ्याला लागतात. गवताच्या ठोंबाशी, जमिनीलगत, चंडोलाचे वाटीएवढे घरटे असते. पाय जपून टाकला नाही तर ते पायाखालीच येईल. पाऊस सरला आणि गवत सोनेरी झाले की कझाकस्तान आणि मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून भोवत्या हे शिकारी पक्षी हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. दिवसभर माळावरून आणि शेतांवरून खाली-खाली उडत नाकतोडे, टोळ आणि उंदीर टिपतात. संध्याकाळी झाडावर न बसता उंच गवतात, जमिनीवरच थव्याने मुक्काम करतात. लांडगा आणि चिंकारा यांचाही संसार याच गवतावर चालतो. गवत गेले तर भोवत्याला रात्र काढायला जागा नाही आणि शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार गेला.

माणसेही याच गवतावर जगतात. साक्री आणि धुळे तालुक्यांतले ठेलारी पिढ्यानपिढ्या मेंढ्या घेऊन फिरतात. पावसाळ्यात आपल्या मुलखात, पाणी आटले की वाडा घेऊन बाहेर. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. या व्यवहाराचा सातबारा नाही. म्हणून कुंपण पडते तेव्हा मोबदल्याच्या यादीत जमीनमालकाचे नाव असते, ठेलाऱ्याचे नसते. आजवर ज्या वाटेने मेंढ्या गेल्या तिथे आता तारेची जाळी आणि पहारेकरी. तो भांडायला कुठे जाणार?

पवनचक्क्यांनी नेमके काय बिघडते, हे सांगणारा एक चांगला अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकेर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली. 2018 साली ती एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी दिसले. त्यांचे भय उरले नाही म्हणून सरडे वाढले, इतके की त्यांच्या शरीरात आणि वागण्यातही फरक पडला. वरचा एक दुवा निखळला आणि खालची सारी साखळी हलली. ब्राह्मणवेलच्या टेकड्यांवर असा अभ्यास पवनचक्क्या उभ्या राहण्याआधीच व्हायला हवा होता. पण कायद्याने तो मागितलाच नाही. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या चौकटीत पवनऊर्जा आणि पॅनेलचे सौर प्रकल्प येत नाहीत. धूर नाही म्हणजे आघात नाही, असे धरून चालणारी ही सूट आहे. शेकडो एकर गवत काढले, तारा ओढल्या, रस्ते कापले, तरी जनसुनावणीची गरज पडत नाही.

‘तिथे काही नाही हो’ हे वाक्य ऐकले की मला रानपिंगळा आठवतो. हे छोटे घुबड 1884 नंतर कुणाला खात्रीने दिसलेच नव्हते. ते शेवटचे मिळाले होते आपल्याच खान्देशात, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याला. त्यानंतर 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ ते पुन्हा मिळाल्याची नोंद झाली आणि शोधणारे त्या भरवशावर भलतीकडेच फिरत राहिले. ती नोंद खोटी होती. रिचर्ड माइनर्टझॅगन या बड्या पक्षितज्ज्ञाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतली पिसे-पिसे तपासून ही लबाडी उघडी पाडली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या थेट शहाद्याच्या सातपुड्यात आल्या. रानपिंगळा तिथेच होता, भर दिवसा फांदीवर बसलेला. नंदुरबार जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. म्हणजे धुळे जिल्ह्याच्या हद्दीत जगाने नामशेष मानलेला पक्षी 113 वर्षे नांदत होता. पुढे तो यावलच्या अभयारण्यातही दिसला. रानपिंगळा जंगलातला, माळावरचा नव्हे, हे खरे. पण जागा ‘रिकामी’ ठरवण्याआधी तिन्ही ऋतूंत तिथे जाऊन नीट पाहावे लागते, हे खान्देशाइतके कुणाला ठाऊक असावे?

आता परदेशाचा विषय. साक्रीच्या सौर प्रकल्पाला पैसा जर्मनीतून आला. धुळ्यातल्या काही पवनचक्क्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत झाली. 2023 च्या डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जगाने 2030 पर्यंत अक्षय ऊर्जा तिप्पट करण्याचे ठरवले आणि भारताचेही त्याच वर्षासाठी 500 गिगावॅटचे उद्दिष्ट आहे. ही सारी आकडेमोड शेवटी आपल्या शिवारात उतरते. मग पैशाबरोबर शहाणपणही उतरले पाहिजे, असा आग्रह आपण का धरू नये? नॉर्वेतल्या स्मोला बेटावर पवनचक्कीचे एक पाते काळे रंगवले, तर तिथल्या प्रयोगात पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 70 टक्क्यांनी घटले. स्पेनमध्ये तारीफाच्या परिसरात गिधाडे जवळ आली की निरीक्षक ठरावीक चक्की तेवढी थांबवायला सांगतात. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वीज घटली ती नगण्य. स्थलांतरित प्रजातींच्या कराराचा भारत 1983 पासून सदस्य आहे. त्याची परिषद फेब्रुवारी 2020 मध्ये आपल्या शेजारी गांधीनगरला भरली होती. कझाकस्तानने जपलेला भोवत्या धुळ्याच्या तारांना धडकून मरत असेल, तर त्या कराराला अर्थ काय? कर्ज देणाऱ्या बँकांचे पर्यावरणाचे आणि स्थानिक लोकांच्या हक्कांचे स्वतःचे नियम असतात, तक्रारीची सोय असते. ते नियम मराठीत मागा. प्रकल्पाच्या गावात, चावडीवर वाचून दाखवायला सांगा.

जागेचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पहिली जागा ब्राह्मणवेललाच आहे. तिथल्या जुन्या, कमी क्षमतेच्या पवनचक्क्या काढून त्याच टेकडीवर कमी संख्येत नव्या, ताकदीच्या चक्क्या बसवता येतात. केंद्राचे तसे धोरण 2016 पासून आहे आणि 2023 मध्ये ते सुधारलेही. नव्या टेकडीला हात न लावता वीज वाढते. दुसरी जागा डोक्यावर आहे. जळगावच्या डाळ मिला, चटईचे कारखाने, जिनिंगचे शेड, एमआयडीसीची पत्र्याची छते, भुसावळच्या रेल्वेच्या इमारती, बाजार समित्या, शाळा. खान्देशचे ऊन या छतांवर वर्षभर वाया जाते. दीपनगरच्या राखेच्या तळ्यांची जमीन तर आधीच बिघडलेली आहे, तिथे पॅनेल लावल्याने कुणाचे गवत जाणार नाही. गुजरातने 2012 मध्येच नर्मदेच्या कालव्यावर पॅनेलचे छत घातले. आपल्याकडेही पाटांची कमी नाही. आणि पॅनेल उंचावर घेऊन खाली पीक काढण्याचे प्रयोग जळगावातच जैन इरिगेशनने केले आहेत. हे सारे महाग पडते, असे कंपन्या सांगतात. माळ स्वस्त पडतो, कारण त्याची किंमत कुणी लावलेलीच नाही.

माणसांची किंमतही आपण एकदा चुकती केली आहे. दोंडाईच्याजवळच्या विखरणची जमीन आधी औष्णिक वीज प्रकल्पासाठी घेतली गेली आणि मग तिथे सौर प्रकल्प आला. मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालून थकलेल्या वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांत ते गेले. वीज स्वच्छ आहे म्हणून ती आणण्याची रीत आपोआप स्वच्छ होत नाही. हे धुळे जिल्ह्याने विसरू नये आणि कुणाला विसरू देऊ नये.

गाव ठरवते तेव्हा काय होते, हेही याच जिल्ह्यात दिसते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. याच गावच्या चैत्राम पवार यांना 2025 चा पद्मश्री मिळाला तो या गावाच्या कामाचा मान. तिथली रानभाज्यांची पाककला स्पर्धा बघायला लोक लांबून येतात. जळगाव शहराच्या कुशीत लांडोरखोरीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. जंगल वाचवता येते, शहरालगतचे वन वाचवता येते, मग माळाने काय घोडे मारले?

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. मंगोलियाने पुढाकार घेतला, जगाने होकार दिला. या वर्षाची पोस्टरे मुंबई-दिल्लीत लागतील. ते खरे साजरे व्हायचे तर साक्री, शिंदखेडा, धुळे, पारोळा, अमळनेर, चाळीसगावच्या ग्रामसभांत.

म्हणून सरपंचांना, ग्रामसेवकांना, शिक्षकांना, कॉलेजच्या पोरा-पोरींना हात जोडून विनंती आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावाची नोंदवही दप्तरातून बाहेर काढा. कोणते गवत, कोणता पक्षी, कुणाच्या मेंढ्या, कोणत्या महिन्यात, कोणत्या गटात, हे त्यात लिहा. ठेलारी बांधवांना शेजारी बसवून लिहा, कारण माळ त्यांच्याइतका कुणाला माहीत नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांकडे ग्रामसभेचे जास्तीचे अधिकार आहेत, सामूहिक वनहक्काचे दावे आहेत, ते वापरा. गायरान ही गावाची सामाईक मालमत्ता आहे आणि ती जपली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात बजावले आहे. हा निकाल ठरावात नमूद करा.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला: गावातील गवताळ गट क्रमांकांची यादी, आणि वर्षभराच्या पाहणीशिवाय त्यावर कोणताही प्रकल्प नको. प्रकल्पासाठी गाव सुचवत असलेल्या पर्यायी जागा सोबत जोडा. सह्या घ्या, ठेलारी कुटुंबांच्याही घ्या. ठरावाच्या नकला तहसीलदार, उपवनसंरक्षक आणि महावितरणच्या कार्यालयात द्या आणि प्रत्येक नकलेवर पोच घेऊन या.