पेटंट हवंय? आधी पेच शोधा

सकाळची घाटकोपरची फास्ट लोकल. कॉलेजची बॅग पोटाशी, एक पाय आत, दुसरा अजून शोधात. दारात लटकणं धोक्याचं आहे हे तुम्हाला कुणी सांगायला नको. मग गाडीची दारं सरळ बंद का करत नाहीत? कारण बिगरएसी डब्यात दार हाच गर्दीचा श्वास. दार उघडं ठेवलं तर बाहेरचा पडतो, बंद केलं तर आतला गुदमरतो.

२५ डिसेंबर २०१७ रोजी पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली. तिची दारं आपोआप बंद होत होती. पण त्यासाठी आख्खी गाडी थंड करावी लागली आणि तिकीटही वाढलं. साध्या लोकलचं कोडं तसंच राहिलं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या बिगरएसी लोकलचा आराखडा जाहीर केला. त्यात तीन गोष्टी होत्या: दारांनाच हवेसाठी झडपा, छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रणा आणि गर्दी पसरावी म्हणून एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट.

यातली गंमत बघा. ‘दार अर्धं उघडं ठेवू’ अशी तडजोड इथे नाही. दार माणसासाठी बंद आहे, हवेसाठी उघडं आहे. प्रत्यक्षात ही गाडी कशी चालते ते रुळांवर ठरेल. पण विचाराची दिशा लक्षात ठेवा, कारण तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टच्या पेटंटचा प्रश्न नेमका इथेच अडलेला असतो.

या दिशेला एक नाव आहे, ट्रिझ. सोव्हिएत नौदलाच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या गेनरिख आल्टशुलर या विशीतल्या तरुणाला प्रश्न पडला, की हजारो शोध लागतात, पण त्यांच्यात समान काय असतं? १९४८ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्राने देशातल्या संशोधनाच्या दुरवस्थेबद्दल थेट स्टालिनला पत्र लिहिलं. १९५० मध्ये अटक, पुढे व्होर्कुटाची श्रमछावणी. स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये सुटका झाली आणि १९५६ मध्ये पद्धतीवरचा पहिला लेख छापून आला. ढीगभर पेटंटं वाचून त्याने काढलेला निष्कर्ष साधा होता. चांगला शोध म्हणजे पेच सोडवणं. एक गोष्ट सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. सामान्य इंजिनीअर मधला आकडा निवडतो, शोध लावणारा पेचच मोडतो. असे पेच मोडायच्या ४० युक्त्या त्याने नोंदवल्या. तुकडे करा, उलटं करा, एकात एक बसवा, मध्यस्थ आणा, सच्छिद्र करा. झडपांचं दार यातल्या शेवटच्या युक्तीच्या अगदी जवळचं.

आता आपल्या कॉलेजांकडे वळू. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही प्रोजेक्ट प्रदर्शनात जा, एक ‘स्मार्ट हेल्मेट’ दिसेलच. हेल्मेट, जीपीएस, सिमकार्ड, दारू ओळखणारा सेन्सर. मेहनत खरी असते. पण पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) सांगतं, की माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपलं आपलं काम करत राहिली, तर तो शोध नव्हे. सेन्सर दारू ओळखतो, जीपीएस जागा सांगतो, हेल्मेट डोकं वाचवतं. पेच कुठे सुटला? उलट, सेन्सर तोंडाजवळ असला तरच नीट वाचतो आणि तोंडाजवळ असला की घामाने, पावसाने बिघडतो, हा पेच पकडून कुणी तो खरोखर मोडला, तर तिथे पेटंटाची शक्यता सुरू होते.

तरीही अर्ज होतात. अर्जाची पावती प्रोजेक्ट रिपोर्टला लागते, रेझ्युमेत ओळ वाढते. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला की ‘पेटंट पब्लिश झालं’ म्हणून स्टेटस पडतं. भावांनो आणि बहिणींनो, प्रसिद्ध होणं म्हणजे मिळणं नव्हे. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते, तीही ३१ महिन्यांच्या आत. ती केलीच नाही, तर तुमचा शोध जगजाहीर होतो आणि हक्क मात्र हाती राहत नाही.

बरं, पेटंट मिळालं की संपलं? त्यासाठी आपल्याच राज्यातली एक गोष्ट ऐका. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये एका इंजिनासाठी अर्ज केला, २००५ मध्ये पेटंट मिळालं. तुम्ही ज्याला पल्सरचं डीटीएस-आय म्हणता, तेच. पेच काय होता? मायलेजसाठी पेट्रोल कमी, हवा जास्त हवी. पण असं मिश्रण छोट्या इंजिनात नीट पेटत नाही. दोन स्पार्क प्लग समोरासमोर लावले तर पेटतं. पण जागा इवलीशी आणि एका प्लगला तेल लागायची भीती. उत्तर असं, की तो प्लग सील केलेल्या नळीत बसवायचा. मध्यस्थ आणला, पेच सुटला. दाव्यात लिहिलं गेलं: ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, दोन प्लग, नळी आणि दोन व्हॉल्व्ह.

२००७ मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही बाइक आणली. प्लग दोन, व्हॉल्व्ह तीन. झालं, भांडण सुरू. टीव्हीएसचं म्हणणं असं की आमचं इंजिन तुमच्या दाव्यात बसत नाही आणि दोन प्लग, नळी हे होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटात आहेच. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला रोखलं, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती बंदी उठवली, सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर विक्री चालू ठेवली. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवून खटले मागे घेतले. कोण बरोबर, हा आपला विषय नाही. आपला विषय हा, की बारा वर्षांच्या भांडणात एक मोठा मुद्दा ‘दोन’ या एका शब्दाचा होता.

म्हणून या पानाचं स्पष्ट मत आहे: ट्रिझसारखी पद्धत शोध सुचायच्या आधी जितकी उपयोगी, तितकीच शोध सुचल्यानंतर आणि अर्ज लिहायच्या आधी. यासाठी चार गोष्टी करा.

एक, पेच एका वाक्यात लिहा. ‘हे सुधारलं की ते बिघडतं.’ वाक्य जमत नसेल तर अजून शोध नाही, फक्त वस्तू आहे.

दोन, वस्तूच्या नावाने नव्हे, पेचाच्या नावाने शोध घ्या. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि आपल्या पेटंट कार्यालयाचा ऑनलाइन शोध, तिन्ही फुकट आहेत. तुमचा पेच कदाचित वॉशिंग मशीनवाल्याने वीस वर्षांपूर्वी सोडवलेला असेल. हे आज कळलेलं बरं, परीक्षकाकडून कळण्यापेक्षा.

तीन, स्वतःचे शत्रू व्हा. ट्रिझमध्ये याला छाटणी म्हणतात. एकेक भाग काढून टाका आणि त्याचं काम दुसऱ्या भागाकडून करून घेता येतं का बघा. प्रतिस्पर्धी हेच करणार आहे. दाव्यातला एक आवश्यक भाग त्याने टाळला, की तो बहुधा सुटला. तुम्हीच आधी छाटलंत, तर शोध स्वस्त होतो आणि पळवाटही बंद होते.

चार, दावे थरांनी लिहा. कारण दाव्याचाही पेच आहे. रुंद लिहिला तर जुन्या शोधांवर आदळतो, अरुंद लिहिला तर शेजारी वळसा घालतो. उत्तर दाराच्या झडपांसारखंच: वरचा दावा रुंद, त्यावर अवलंबून असलेले खालचे दावे अरुंद. वरचा पडला तरी खालचा उभा राहू शकतो.

कुणी विचारेल, पद्धतीने मिळालेलं उत्तर मग ‘सहज सुचण्यासारखं’ नाही का? प्रश्न रास्त आहे. पण कायदा विचारतो ते त्या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज दिसलं असतं का. तुम्ही कुठल्या पायऱ्या चढून आलात, हे तो विचारत नाही. सगळं क्षेत्र तडजोड करत होतं आणि तुम्ही ती मोडलीत, हे दाखवता आलं तर तुमची बाजू बळकट होते. अर्थात, ट्रिझ ही जादूची कांडी नाही. तिचा पाया जुन्या, मुख्यतः यंत्रांच्या पेटंटांवर घातला गेला. अॅप आणि निव्वळ सॉफ्टवेअरच्या बाबतीत कलम ३(के) आडवं येतं, तिथे चाळीसच्या चाळीस युक्त्याही वाचवणार नाहीत.

आणि शेवटची सूचना, सगळ्यात महागात पडणारी. अर्ज करण्याआधी टेकफेस्टमध्ये आतलं इंजिन उघडून दाखवू नका, रीलही टाकू नका. आधी जाहीर झालेलं नवं राहत नाही. कायद्यातल्या सवलती मोजक्या आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. तात्पुरता अर्ज वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो आणि पूर्ण अर्जासाठी त्यापुढे १२ महिने मिळतात. हे बारा महिने छाटणीसाठी वापरा. पण तात्पुरत्या अर्जातही नीट लिहा, कारण त्यात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही.

पेटंट मिळालं तर ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं टिकतं. तुम्ही आज वीस-एकवीसचे असाल, म्हणजे चाळिशीपर्यंतची सोबत. ती भिंतीवरच्या फ्रेमशी करायची की खऱ्या शोधाशी, हे अर्जाच्या आधीचे काही आठवडे ठरवतात. उद्या लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळाली, तर वहीच्या मागच्या पानावर तुमच्या प्रोजेक्टचा पेच लिहून बघा. एकच वाक्य.