थांबणारी माणसे

“माणुसकी आता उरली नाही,” हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. रस्त्यावर अपघात होतो, जखमी तळमळत पडतो, भोवती गर्दी जमते आणि हात लावायला कोणी धजत नाही. दुसऱ्या दिवशी ती बातमी वाचून आपण हळहळतो व समाजाला दूषणे देऊन मोकळे होतो. हे निदान मला मान्य नाही. लोकांच्या मनात दया आहे, परंतु भीतीने तिचा हात धरून ठेवला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटात गाडी बंद पडली, की कोण थांबते ते पाहावे. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी आणि वडील मोटारसायकलवरून रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. आंबा घाट चढताना साखळी तुटली. अंधार पडला होता, धुके इतके दाट की हातभर पुढचे दिसेना. अनेक मोटारी दिव्यांचा झोत टाकून निघून गेल्या. शेवटी रिकामी क्रेट घेऊन परतणारा एक टेम्पो थांबला. चालकाने फळी लावून आमची गाडी वर चढवली, आम्हांला केबिनमध्ये बसवले आणि मलकापुरात एका मिस्त्रीला झोपेतून उठवले. वडिलांनी खिशात हात घालताच तो म्हणाला, “पैसं कशाला काका? उद्या माजी गाडी बंद पडली तर थांबंल की कोनतरी.” त्याने आमचे नावही विचारले नाही.

या उपकाराचे वैशिष्ट्य असे, की तो ज्याने केला त्याला कधीच फेडता येत नाही. तो पुढच्याच कोणाला तरी द्यावा लागतो. रस्त्याचा सारा व्यवहार या उधारीवर चालतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यातून पायपीट करणाऱ्या अनोळखी माणसांना मुंबईकरांनी चहा-बिस्किटे दिली, घरात झोपायला जागा दिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या पाण्यात गेल्या. तेव्हा पुढची वाहने थांबवायला धावला तो जवळच्याच गॅरेजमधला एक साधा माणूस.

मग हीच माणसे अपघाताच्या जागी का कचरतात? कारण उघड आहे. बंद पडलेल्या गाडीचा पंचनामा होत नाही. सांडलेल्या रक्ताचा होतो. “शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. जखमीला दवाखान्यात नेले तर जबाब, खेटे आणि तारखा मागे लागतील, एखादे वेळी आपल्यालाच आरोपी ठरवतील, हा धाक पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून आला आहे. तो खोटा म्हणता येणार नाही.

पण आता कायदा बदलला आहे, आणि दुर्दैव असे की ते आपल्याला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले, की पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. मार्च २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्‌हेतूने मदत करताना काही उणे झाले, तरी मदतनिसावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. सरकारने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचे बक्षीसही ठेवले, २०२५ मध्ये ते २५,००० केले. बक्षिसाला माझा विरोध नाही, पण आंबा घाटातला तो चालक बक्षिसासाठी थांबला नव्हता. माणसाला लालूच दाखवण्यापेक्षा त्याचे भय दूर करणे अधिक मोलाचे आहे.

कोणी म्हणेल, रात्री निर्जन रस्त्यावर थांबणे धोक्याचे असते. मदतीच्या निमित्ताने लुटणारेही असतात. खरे आहे. एकट्या स्त्रीने थांबावे असे मी म्हणणार नाही. पण १०८ वर रुग्णवाहिका मागवता येते, ११२ वर पोलिसांना कळवता येते, पुढच्या धाब्यावर चार माणसांना सांगता येते. खिशात दूरध्वनी असताना त्याने केवळ चित्रीकरण करणे, याला मात्र कोणतीही सबब नाही.

२०२३ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. अपघातानंतरचा पहिला तास मोलाचा असतो, आणि त्या तासात जखमीजवळ डॉक्टर नसतो, वाटसरू असतो. म्हणून आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदानाइतकेच प्रथमोपचाराला स्थान मिळावे, अशी माझी सूचना आहे. रक्तस्राव कसा थांबवावा, मान दुखावलेल्याला घाईने का उचलू नये, हे प्रत्येक विद्यार्थ्याला आले पाहिजे. आणि कलम १३४-अ चा मराठी मजकूर आपण मोठ्या अक्षरांत लिहून एस. टी. स्थानकावर, पेट्रोल पंपांवर, धाब्यांवर लावावा. थांबणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना कायद्याचा आधार आहे, एवढे त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे आपल्यासारख्या लिहिता-वाचता येणाऱ्यांचे काम आहे.