आधी ओळख, मग नेम

पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना मारण्याची परवानगी कोणी द्यावी, यावर देशात पुष्कळ चर्चा झाली आहे. ती परवानगी ज्या रायफलने अमलात यायची, तिच्यावर कोणती दुर्बीण असावी, हा प्रश्न मात्र नेमबाजाच्या आवडीवर आणि दुकानदाराच्या शिफारशीवर सोडून दिला जातो. हे योग्य नाही. अंधाऱ्या शेतात झाडलेली गोळी परत बोलावता येत नाही. आणि ती झाडण्यापूर्वी काय दिसले, हे बऱ्याच अंशी दुर्बिणीवर ठरते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात हौसेच्या शिकारीला थारा उरलेला नाही. मात्र उभ्या पिकाला धोका झालेल्या काही प्राण्यांबाबत कलम ११ नुसार परवानगी देता येते, तर कलम ६२ नुसार केंद्र सरकार ठरावीक क्षेत्रात व मुदतीत एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमध्ये अशा घोषणेनंतर २०१६ साली मोकामा परिसरात बाहेरून नेमबाज बोलावून नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद उठला. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेला. अधिकार गावापर्यंत आला, तशी साधनांच्या निवडीची जबाबदारीही गावापर्यंत आली आहे.

दुर्बीण घेताना सर्वांत सामान्य चूक होते ती वर्धनाच्या मोहाची. जितके वर्धन अधिक तितकी दुर्बीण चांगली, हा समज रानडुकराच्या बाबतीत उलटा पडतो, कारण हा प्राणी पिकात शिरतो तो मुख्यतः संध्याकाळनंतर. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत चारपट वर्धनाला ती १० मिलिमीटर असते. नऊपट वर्धनाला ती जेमतेम ४.४ उरते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत रुंदावते, वयानुसार ती कमी रुंदावते. म्हणजे ज्या वेळी प्रकाशाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच वेळी मोठे वर्धन प्रतिमा काळवंडून टाकते.

दृष्टिक्षेत्राचेही तेच. चारपट वर्धनाला शंभर मीटरवर साधारण १० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, बारापटीला जेमतेम ३ मीटरचा. त्या तीन मीटरांत डुक्कर ठळक दिसते; पण त्याच्या पलीकडे शेजारच्या बांधावर जागल करणारा शेतकरी दिसत नाही. रानडुक्कर समजून माणसावर गोळी झाडली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांकडे या दृष्टीनेही पाहायला हवे.

शेतातील अंतर बहुधा शंभर मीटरांच्या आत असते. त्यासाठी स्थिर चारपट किंवा एक ते चारपट बदलते वर्धन पुरेसे आहे. फुलीच्या बाहेरच्या रेषा जाड असाव्यात, म्हणजे त्या अंधुक प्रकाशात हरवत नाहीत. धक्क्याने दुर्बीण भुवईवर आदळू नये, म्हणून डोळा व भिंग यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर राखता आले पाहिजे. जीपमध्ये हादरे बसलेली दुर्बीण नेम पुन्हा जुळवल्याशिवाय वापरू नये. ठासणीच्या बंदुकीवर मात्र उत्तम दुर्बीणही फारसे साधत नाही. ती बंदुकीची अचूकता वाढवत नाही, वाढवते तो नेमबाजाचा फाजील विश्वास.

थर्मल दुर्बिणीचे आकर्षण वाढते आहे. ती उष्णता दाखवते. ती उष्णता कोणाची, हे नेहमी सांगत नाही. कीटकशास्त्रात हा फरक जुना आहे. प्रकाश सापळ्यात पडलेला प्रत्येक कीटक शत्रू नसतो. २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी ओळखायची तर डोक्यावरची उलटी वाय आकाराची खूण आणि शेवटून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके पाहावे लागतात, आणि त्याला दहापट वर्धनाचे साधे भिंग पुरते. आढळणे आणि ओळख पटणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. म्हणूनच शोध घेण्यासाठी वेगळी हातातली दुर्बीण हवी. रायफलवरच्या दुर्बिणीतून काय आहे ते पाहणे म्हणजे ओळख पटण्याआधीच नळी रोखणे होय.

एका रात्रीत मक्याचे शेत आडवे झालेल्या शेतकऱ्याला ही चिकित्सा चैनीची वाटेल. त्याचा संताप खरा आहे. पण चुकीच्या नेमाने जखमी झालेले रानडूक दुसऱ्या सकाळी त्याच्याच वाटेवर उभे राहते. शिवाय सुमारे चार महिन्यांच्या गर्भकाळानंतर एका वेळी अनेक पिल्ले देणाऱ्या या प्राण्याची संख्या केवळ गोळीने आटोक्यात येत नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापनात फवारणी जशी शेवटची पायरी, तशीच येथे गोळी. सौर कुंपण, मक्याभोवती एरंडाच्या ओळी आणि सामूहिक राखण हे उपाय तिच्या आधीचे.

तरीही ती पायरी आली, तर परवानगीपत्रात केवळ प्राण्याचे नाव व मुदत पुरेशी नाही. वर्धनाची मर्यादा, नेम जुळवल्याची ताजी चाचणी, सोबत वेगळी दुर्बीण घेतलेला निरीक्षक आणि लक्ष्यामागे गोळी अडवणारा मातीचा उंचवटा या चार अटी त्यात लिहिल्या जाव्यात. त्यांचा खर्च अल्प आहे. त्या न पाळल्याची किंमत मात्र एखाद्या राखणदाराच्या घराला मोजावी लागते.