पूर्ण एक मिनिट

बाळंतिणीच्या घरी गेल्यावर आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, आधी साबणाने हात धुतात. मग झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन, काखेत थर्मामीटर, आणि पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून श्वासांची मोजणी. ही मोजणी पूर्ण एक मिनिट करायची असते. श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. मध्येच बाळ रडलं, तर ते शांत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. अर्धा मिनिट मोजून दुप्पट आकडा लिहिला तरी फॉर्म भरतोच आणि मोबदलाही तेवढाच मिळतो. तरीही पुन्हा पहिल्यापासून मोजणाऱ्या बायका गावोगाव आहेत.

ही पद्धत घडली गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून हे काम देशभरातल्या आशांकडे आलं. ४२ दिवसांत सहा-सात भेटी, आणि तेव्हा ठरलेला मोबदला २५० रुपये.

मग त्या पुन्हा पहिल्यापासून का मोजतात? माणूस कामाला जातो तो पोटासाठी. जीव लावतो तो मनाला पटलेल्या गोष्टीसाठी. एकीला गावात मान हवा असतो, दुसरीला शिकायची हौस असते, तिसरीला परक्याचं लेकरूही आपलंच वाटतं. म्हणून काम एकच असलं, तरी समाधान प्रत्येकीचं वेगळं. आणि ज्याला काम नीट करायचं आहे, त्याला रोज ते उरकायला लावलं, तर पगार वाढला तरी तो आतून कुढतच राहतो.

पण कामाची चाड असणाऱ्यांनाच कमी पैशांत राबवून घेणं सोपं जातं, हा खरा अन्याय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं. सेवेच्या कामात पैशांचा हिशेब कसला, असं आपण किती सहज बोलून जातो! हिशेब हवाच, आणि तो वेळच्या वेळी चुकता व्हायला हवा.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही नर्स, वायरमन, गवंडी, शिक्षक, मुद्रितशोधक अशा अनेकांना एकच प्रश्न विचारला : कुणी तपासणार नसलं तरी तुम्ही कोणतं काम नीटच करता, आणि का? काहींनी नोकरी सोडल्याची हकिकत लिहून पाठवली. पगार बरा होता, पण खोट्या नोंदी करवेनात. ते लेख आधी वाचावेत, ही विनंती.